चार शेर कापूस

आमच्या वर्धेला थंडी कधी पडणार, हे पाहण्यासाठी पंचांग उघडावे लागत नसे. गोल बाजारापलीकडच्या एका गल्लीत एक दुकान होते. त्या दुकानाच्या पायरीवर जुन्या गाद्यांच्या आणि रजयांच्या वळकट्या येऊन पडू लागल्या, की खुशाल समजावे, आठ-दहा दिवसांत पवनारला धामेच्या पात्रावर पहाटेचे धुके उतरणार.

दुकानावर पाटी होती. परंतु ती वाचण्याची गरज कोणाला पडत नसे. काही लोक त्याला कापडाचे दुकान म्हणत, काही गादीचे. दोघांचेही खरे होते. पुढच्या बाजूला शेठजी बसत. त्यांच्या पाठीशी मांजरपाट, लठ्ठा, फुलाफुलांची छीट आणि पट्ट्यापट्ट्यांचे गादीपाट यांचे ठाण रचलेले असत. मागच्या पत्र्याच्या पडवीत चाचा पिंजण घेऊन बसत. शेठजी तोंडाने अखंड काम करीत, चाचा हाताने. मागची पडवी चाचांना भाड्याने दिलेली आहे असे म्हणत. पण गिऱ्हाईक कापडासाठी येऊन रजई भरून जाई आणि रजईसाठी येऊन कापड घेऊन जाई, तेव्हा खरे भाडे कोणी कोणाला द्यावयाचे, हा हिशेब त्या दोघांनी कधी केला असेल असे मला वाटत नाही.

पिंजणाचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगून समजावयाचा नाही. पुरुषभर लांबीचे लाकडी धनुष्य, त्याला ताणून बांधलेली आतड्याची तात. धनुष्य आढ्याला दोरीने टांगलेले. ती तात कापसाच्या ढिगात बुडवावयाची आणि मुद्गलासारख्या लाकडी ठोकळ्याने तिच्यावर हाणावयाचे. ढंव्, ढंव्, तुईं! तात थरथरे, कापसाचा तंतू न् तंतू सुटा होऊन उडे, आणि वर्षानुवर्षे अंगाखाली दबून दगड झालेल्या त्या मळकट गोळ्यांतून हळूहळू एक पांढरा ढग वर येई. शाळेतून परतताना मी आणि माझा धाकटा भाऊ पडवीच्या दाराशी उभे राहून तो ढग पाहत असू. चाचांच्या मिशा, भुवया, पापण्या सारे पांढरे झालेले असे. ते जन्मतःच म्हातारे आहेत अशी आमची प्रामाणिक समजूत होती. एकदा ईदच्या दिवशी आंघोळ करून, नवा सदरा घालून ते रस्त्यात भेटले, तर त्यांचे काळेभोर केस पाहून आम्ही त्यांना ओळखलेच नाही.

त्या दुकानाचे वर्ष पाडव्याला सुरू होई. गुढीचे खण विकून होतात न होतात तोच लग्नसराई येई. वर्धेचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्यालाच त्यातली गंमत कळेल. पारा पंचेचाळीसला टेकलेला, रस्त्याचे डांबर चपलेला चिकटते आहे, आणि नेमक्या त्याच दिवसांत रजया भरण्याची सर्वांत मोठी घाई! कारण मुलीच्या आंदणात गादी, उशा आणि रजई देण्याची पद्धत. वधूपिता खांद्यावरच्या दुपट्ट्याने घाम पुशीत मोठ्या काळजीने विचारी, "चाचा, गरम होईन ना जी रजई?" आणि चाचाही तितक्याच गंभीरपणे म्हणत, "लय गरम होईन, पाटील."

पावसाळ्यात पडवी मुकी होई. दमट हवेत तात सैलावते, कापूस ओलसर राहतो आणि तंतू सुटत नाहीत. चाचा उसवलेल्या खोळींना टाके घालीत बसत. पुढे शेठजी उधारीच्या वह्या काढीत, दोन पाने उलटीत आणि पुन्हा ठेवून देत. नुकती पेरणी झालेल्या शेतकऱ्याकडे आषाढात पैसे मागण्यात अर्थ नाही, एवढे त्यांना तीन पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते.

श्रावणी अमावास्येला पोळा. त्याआधी चार दिवस बैलांच्या झुलींसाठी रंगीत कापडाची मागणी असे. परंतु आम्हां मुलांचा सण दुसऱ्या दिवशीचा. विदर्भाबाहेरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. मुले चाकांचे लाकडी बैल सजवून आणतात, त्यांची पूजा होते आणि मुलांना खाऊ, पैसे मिळतात. त्या बैलांनाही झूल हवीच. चाचा वर्षभराच्या चिंध्यांचे गाठोडे त्या दिवशी आमच्यापुढे सोडीत. एका वर्षी त्यात लाल छिटेचा एकच चांगला तुकडा निघाला आणि आम्हां भावंडांचे जुंपले. चाचांनी कात्री घेतली, तुकडा मधोमध कापला आणि दोघांच्या हातांत दिला. भाऊ मोठ्याने रडू लागला. मला मिळाले म्हणून नव्हे. त्याचा बैल माझ्या बैलापेक्षा मोठा होता आणि अर्धा उघडा राहत होता. आई पुढे कितीतरी वर्षे ही गोष्ट पाहुण्यांना सांगे.

दसऱ्याच्या सुमारास कापूस फुटू लागे. वेचणीच्या आरंभी शेतात सीतादही करावयाचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवावयाचा आणि मग पहिले बोंड खुडावयाचे. मधे गांधीजयंती येई. त्या दिवशी दुकानात चिटपाखरू नसे. खादी भांडारात सूट लागलेली असे आणि अवघे गाव तिकडे लोटे. शेठजीसुद्धा धोतरजोडीसाठी त्या रांगेत दिसत. धंदा धंद्याच्या जागी. पण वर्धेत राहून २ ऑक्टोबरला गिरणीचे कापड मोजणे त्यांच्या जिवावर येई.

आणि मग दिवाळी. व्यापाऱ्यांना लक्ष्मीपूजनासाठी पेढीवरची गादी पिंजून, वर पांढरीशुभ्र चादर घालून हवी असे. लोड, तक्के, उशा यांचे डोंगर पडवीत साचत. रात्री अकरा-अकरापर्यंत पिंजण वाजे आणि त्या तालावर गल्ली झोपी जाई. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेठजी वहीबरोबर पिंजणालाही हळदकुंकू वाहत. चाचा टोपी सावरीत बाजूला उभे राहून हसत. दुसऱ्या दिवशी आमच्या घरून त्यांच्याकडे फराळाचे ताट जाई, आणि ईदेला त्याच ताटातून शिरखुर्म्याचा वाडगा परत येई. दुसऱ्याचे ताट रिकामे धाडावयाचे नाही, हा आईचा नियम. चाचांच्या घरीही तो पाळला जाई.

वर्धेच्या माणसाने कापसाचे नाव काढले की त्याला थांबविणे कठीण. आमचा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा झाला, आणि १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसले. त्याच दशकात अमेरिकेतील यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि साऱ्यांचे डोळे हिंदुस्थानकडे लागले होते. आमच्या हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जाई. जगाने आमच्याकडून कापूस नेला आणि आम्ही मात्र फाटक्या वाकळीखाली झोपलो, असे आमचे आजोबा म्हणत. म्हणून ते चरखा घेऊन बसले.

आजोबा म्हणजे आईचे वडील. देवळी तालुक्यात त्यांची कोरडवाहू शेती होती. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहावयास आले आणि आजूबाजूच्या गावांतली बरीच माणसे चरख्याला लागली. आजोबा त्यांतले एक. मगनवाडीतल्या मगन संग्रहालयात ते आम्हांला घेऊन जात. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी स्वतः ते उघडले. ज्यांचे नाव त्याला दिले ते मगनलाल गांधी १९२८ सालीच वारले होते; साबरमतीच्या आश्रमात चरखा आणि माग रुजविण्यात त्यांनीच हाडे झिजविली होती. निरनिराळ्या तऱ्हेचे चरखे पाहून बाहेर आलो की आजोबा एक गोष्ट हमखास सांगत. आश्रमात चरखा आला, सूत काढावयास माणसे आली, पण पेळू कुठून आणावयाचे? त्यासाठी पिंजलेला कापूस पाहिजे. मग गांधीजींनी पिंजाऱ्याचा शोध घ्यावयास सांगितले. जो मिळाला त्याने महिना पस्तीस रुपये मागितले. त्या काळी ही रक्कम मोठी. पण गांधीजींना ती मुळीच जास्त वाटली नाही. त्यांनी आत्मकथेत हे लिहून ठेवले आहे.

ही गोष्ट मी एकदा चाचांना सांगितली. त्यांनी ठोकळा खाली ठेवला. "बापूंलेही पिंजारीच लागला ना मग?" ते म्हणाले आणि त्या दिवशी मला त्यांनी कापसाचा एक ससा करून दिला.

आईचे लग्न १९५७ साली झाले. आंदणातल्या रजईसाठी आजोबांनी आपल्या शेतातला कापूस निवडला, घरीच रेचून सरकी काढली आणि चार शेर भरताच गाठोडे बांधून वर्ध्याला चाचांकडे आणले. तेव्हा शेर-छटाकाचेच दिवस होते. किलोची वजने १९५८ च्या ऑक्टोबरपासून येऊ लागली. आई मात्र जन्मभर 'माझी चार शेरांची रजई' असेच म्हणे. दर दोन-तीन वर्षांनी ती रजई पिंजावयास जाई. तो एक दिवस आई अस्वस्थ असे. दुपारचा चहा झाला की ती काहीतरी निमित्त काढून दुकानावर जाई आणि आपलाच कापूस आपल्याला परत मिळतो आहे ना, हे पडवीच्या दारातून डोकावून पाहून येई. चाचांना ते ठाऊक होते. रागावण्याऐवजी ते म्हणत, "या भाभी, बसा. तुमचा कापूस काही पळून नाही जात."

एकदा मी त्यांना विचारले, एवढा जुना कापूस, तो फेकून नवा का घालीत नाही? चाचा म्हणाले, "कापूस म्हातारा नाही होत, बेटी. दबून जाते फक्त. वरचं कापड उसवा लागते, उन्हात टाका लागते, मोकळा करा लागते. मग तो पुन्हा उभा राहते."

पुढे सगळ्यांची व्हावीत तशी आमची लग्ने झाली. मी नागपूरला आले. भाऊ वर्ध्यातच शिक्षक झाला आणि निवृत्तही झाला. शेठजी गेले, चाचा गेले. पडवीत पिंजाईचे विजेचे यंत्र बसले आणि धनुष्य भिंतीवर टांगले गेले. बाबा गेल्यावर आई भावाकडे असे. आणि आई जिवंत असतानाच आम्हां भावंडांत एक कागद आला.

त्याचे नाव हक्कसोडपत्र. बाबांचे चार एकर शेत होते. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तेव्हा तो हक्क मी सोडते, असे लिहिलेला तो कागद भावाने एका ओळखीच्या माणसाबरोबर नागपूरला पाठविला. सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली केलेली होती. खरे सांगते, मला शेत नको होते. मी ते करणार नव्हते आणि विकणारही नव्हते. भाऊ एकदा येऊन, चहा पिता पिता 'ताई, असं असं आहे' म्हणाला असता, तर मी त्याच क्षणी सही केली असती. पण ती पेन्सिलीची फुली माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी कागद तसाच परत पाठविला. त्याला वाटले, ताईला जमीन हवी आहे. मला वाटले, भावाला ताई नको आहे. वर्धा-नागपूर हे आगगाडीने दीड-दोन तासांचे अंतर. आम्ही दोघांनीही ते सणासुदीला ओलांडणे सोडून दिले. आईच्या दिवसांना मी गेले, पाहुण्यासारखी बसले आणि परत आले. त्यानंतर दोन भाऊबिजा कोरड्या गेल्या.

मागल्या वर्षी कोजागिरीनंतर भावजयीचा फोन आला. "ताई, आईंची रजई फार दडपली आहे. पांघरवत नाही, टाकवत नाही. पिंजायला देऊ म्हणतात हे. पण तुम्हांला विचारल्याशिवाय खोळ उसवू नये असं मला वाटलं."

विचारल्याशिवाय. एवढा एकच शब्द मी ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघाले.

दुकान आहे तिथेच आहे. पुढे शेठजींचा नातू बसतो. त्याच्या पाठीशी आता प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेल्या, फुग्यासारख्या हलक्या फायबरच्या रजया रचलेल्या आहेत. गिऱ्हाईक पिशवी उचलते आणि जाते. पिंजण नाही, दोरे नाहीत, वाट पाहणे नाही. ज्या जिल्ह्यात दर हिवाळ्यात जिनिंगच्या दारांशी कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, त्याच जिल्ह्यातली माणसे ही पांघरुणे घेऊन जातात. त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. माझ्या नागपूरच्या घरीही तशीच दोन आहेत; धुवावयास सोपी पडतात.

भाऊ आधीच येऊन पडवीत उभा होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि दोघांनीही चाचांच्या मुलाची चौकशी सुरू केली. तोही आता साठीला आला आहे. वडिलांसारख्याच त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. आता त्या कापसाने की वयाने, हे विचारण्याचे वय माझे राहिलेले नाही.

त्याने रजई सतरंजीवर पसरली आणि दोरे कापावयास सुरुवात केली. वरची खोळ निळ्या फुलांची. ती मीच पाठविली होती. ती निघाली तर आत दुसरी, लाल छिटेची. म्हातारपणी आईला जुनी खोळ काढण्याचा धीर होईना, तेव्हा ती वरच्यावर नवी चढवीत गेलेली. लाल छिटेच्या आत तिसरी, जाड, पिवळट पडलेली. चाचांच्या मुलाने ती बोटांत चोळून पाहिली. "खादी आहे जी ही. हातच्या सुताची." सुताच्या गुंड्या भांडारात देऊन आजोबांनी घेतलेली ती खादी. काठाशी आईचे लग्नातले नाव लाल दोऱ्याने घातलेले होते. त्या नावाने तिला हाक मारणारे माणूस आता कुठेच उरले नव्हते.

तिसरी खोळ उसवताना काहीतरी टणटणीत हाताला लागले. माझे आणि भावाचे डोळे एकदमच तिकडे गेले. जुन्या बायका रजईत पैसे ठेवीत, अंगठ्या ठेवीत, असे आपण ऐकतो; दोघांच्याही मनात तेच आले असावे. चाचांच्या मुलाने मूठ उघडली. पाच-सहा सरक्या होत्या. आजोबांनी घरी रेचताना राहून गेलेल्या. भावाला हसू आले, मलाही आले, आणि आपण कशाला हसलो हे दोघांनाही कळल्यामुळे आणखी आले. दोन-तीन वर्षांनी आम्ही एकत्र हसत होतो.

"कापूस जुना गावरानी आहे," चाचांचा मुलगा सांगू लागला. "आखूड धाग्याचा, जरा खरखरीत. सूत बारीक नाही निघत याचं, पण भरायला यासारखा नाही. दाबला तरी उसळून येते. आताचा कापूस लांब धाग्याचा. गिरणीले पाहिजे तो. रजईत लवकर बसते."

यंत्र सुरू झाले. त्याला तातेचा ताल नाही. नुसती घरघर आहे. धूळ उडू लागली तसे आम्ही नाकाला पदर-रुमाल लावून दारात उभे राहिलो, लहानपणी राहत असू तसेच. एका तोंडाने त्यात मातकट, कुबट वासाचे गोळे जात होते आणि दुसऱ्या तोंडाने ढग बाहेर पडत होता. आई चहा झाल्यावर इथेच येऊन उभी राहत असे. मी भावाकडे पाहिले नाही. त्यानेही माझ्याकडे पाहिले नाही.

पिंजून झाल्यावर कापूस काट्यावर घातला. पासष्टाहून अधिक वर्षांत, इतक्यांदा पिंजताना, काही धुळीबरोबर गेला होता. चार शेरांतला तीन किलो दोनशे ग्रॅम उरला होता.

"एक डबल करू, का दोन सिंगल?" चाचांच्या मुलाने विचारले.

यंत्र बंद होते. पडवीत अगदी शांत झाले. मग भाऊ म्हणाला, "दोन करा."

माझ्या पोटात कळ आली. म्हणजे इथेही वाटणीच, असे वाटून गेले. शेत झाले, आता कापूस. पण बोलणार काय? दोन भाग घालताना चाचांचा मुलगा फार नेमका माणूस. त्याने एक टोपले भरले, काट्यावर ठेवले: एक किलो सहाशे. दुसरे भरले: एक किलो सहाशे. बोटभर कापूस इकडचा तिकडे करून त्याने ते आकडे जुळविले.

तेव्हा भाऊ पुढे झाला. त्याने आपल्या टोपल्यातून दोन ओंजळी कापूस उचलला आणि माझ्या टोपल्यावर ठेवला. काट्याचा आकडा चाळिसांनी पुढे गेला.

"अरे, बरोबर होतं ते," मी म्हणाले.

तो आयुष्यभर शाळेत शुद्ध बोलत आला. घरीही तसेच बोलतो. पण त्या वेळी त्याच्या तोंडून आईची बोली निघाली. "राहू दे व ताई. तुले थंडी जास्त वाजते."

मला थंडी जास्त वाजते हे खरे आहे. लहानपणी त्या रजईत आम्ही दोघे झोपत असू आणि पहाटे मी ती सगळी माझ्याकडे ओढून घेत असे. तो कुडकुडत उठे, पण आईला सांगत नसे. हे त्याच्या लक्षात असेल असे मला वाटले नव्हते.

पुढे येऊन आम्ही दोन्ही खोळींसाठी लाल छीट घेतली. शेठजींच्या नातवाला ती वरच्या फळीवरून, धूळ झटकून काढावी लागली. कापडाचे पैसे मी दिले, भराईचे त्याने. आजोबांची खादी मधोमध कापण्याची गोष्ट कोणीच काढली नाही; ती भावजयीने धुऊन, घडी घालून आईच्या पेटीत ठेवली आहे.

दोरे भरून रजया तयार व्हावयास दिवाळी उजाडली. भाऊबिजेच्या सकाळी भाऊ खांद्यावर वळकटी घेऊन माझ्या दारात उभा. आगगाडीच्या गर्दीत लोकांनी त्याला गादीवालाच समजून भाव विचारला म्हणे. मी ओवाळले. त्याने ताटात काय घातले ते सांगत नाही. ते आम्हां दोघांत राहू दे. जेवताना एकदा शेताचा विषय निघाला. तो म्हणाला, "बोलू सावकाश." मी म्हटले, "बोलू." कागद अजून त्याच्याकडे आहे आणि सही माझ्याकडे आहे. पण आता ती मी करीन तेव्हा त्याच्यासमोर बसून करीन, आणि पेन्सिलीची फुली तो आधी खोडून टाकील, एवढे मला ठाऊक आहे.

तीन वर्षांनी पुन्हा पिंजून घ्या, असे चाचांच्या मुलाने बजावले आहे. दोन्ही रजया एकाच दिवशी आणावयाच्या असे ठरले आहे. मी सकाळच्या गाडीने यावयाचे, भावाने पडवीत उभे राहावयाचे, आणि चहा झाल्यावर दोघांनी दारातून डोकावून पाहावयाचे.

त्या सरक्या भाऊ खिशात घालून घेऊन गेला. घरी मागल्या अंगणात, कुंडीत, त्याने त्या लावल्या. उगवल्या नाहीत. पासष्टाहून अधिक वर्षांची सरकी कशी उगवणार? शेतकऱ्याच्या नातवाला हे कळत नाही असे नाही. तरी रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झाले, की तो तांब्यातले उरलेले पाणी त्या कुंडीत ओततो, असे भावजय फोनवर सांगते.